यू-डायस प्लस म्हणजे काय? शाळेच्या डेटावर सरकार एवढे पैसे का खर्च करतं?

गेल्या वर्षी माझ्या भाचीच्या नावापुढे शाळेच्या पोर्टलवर 'मिसमॅच' असा शेरा येत होता. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी पडलेली, शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मात्र खरी तारीख. पोरगी रोज वर्गात बसायची, पण कम्प्युटरच्या हिशेबात ती धड मोजलीच जात नव्हती.

आम्ही किल्लारीचे, त्यामुळे ही गोष्ट जरा जास्त लागली. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर कुणाला घर मिळणार, कुणाला मदत मिळणार, हे याद्यांवर ठरलं. यादीत नाव नसलं तर काय होतं, हे इथल्या म्हाताऱ्या माणसांना सांगावं लागत नाही. आज शाळेची यादी ऑनलाइन झाली आहे, एवढाच फरक.

यू-डायस प्लस म्हणजे नेमकं काय?

देशातल्या शाळांची माहिती गोळा करणारी ही केंद्र सरकारची यंत्रणा. प्रत्येक शाळेला ११ अंकी यू-डायस कोड असतो. पहिले २ अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७), पुढचे २ जिल्ह्याचे, मग २ तालुक्याचे, ३ गावाचे आणि शेवटचे २ शाळेचे.

आधी शाळा फक्त एकूण आकडे भरायच्या. समजा, एका शाळेत गेल्या वर्षी चौथीत ३० मुलं होती आणि यंदा पाचवीत २६ आहेत. मग चार मुलं गेली कुठं? दुसऱ्या शाळेत, की ऊसतोडीला गेलेल्या आई-बापाबरोबर कारखान्याच्या फडावर? एकूण आकड्यावरून हे कळत नाही.

म्हणून २०२२-२३ पासून प्रत्येक विद्यार्थ्याची वेगळी नोंद सुरू झाली. मुलाने एक शाळा सोडली आणि दुसरीत नाव नोंदलं गेलं नाही, तर त्याची नोंद पोर्टलवर 'ड्रॉप बॉक्स'मध्ये दिसते. म्हणजे त्याला नावानिशी शोधता येतं. आपल्याकडे स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डही आहे. ते दाखवून मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं, हा त्याचा हेतू.

पैसे येतात कुठून?

दोन मोठे मार्ग आहेत.

पहिला, समग्र शिक्षा. २०१८ मध्ये सुरू झालेली ही योजना. महाराष्ट्रात यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. विद्या समीक्षा केंद्रासाठीही केंद्राची मदत मिळते. हजेरी, चाचण्या असा वेगवेगळा डेटा एका जागी पाहण्याची ही सोय आहे.

दुसरा, स्टार्स प्रकल्प. केंद्रीय मंत्रिमंडळाने १४ ऑक्टोबर २०२० रोजी तो मंजूर केला. एकूण खर्च ५,७१८ कोटी रुपये, त्यात जागतिक बँकेची मदत ५० कोटी डॉलरची. किल्लारीच्या पुनर्वसनात पैसा घालणारी हीच ती बँक. यात सहा राज्यं निवडली गेली आणि महाराष्ट्र त्यातलं एक. किती मुलं शाळेत टिकतात, पुढच्या वर्गात जातात, शिक्षण पूर्ण करतात, याचा भरवशाचा डेटा तयार करणं हे या प्रकल्पाचं एक ठरलेलं काम होतं. निधीही कामाच्या निकालाशी जोडलेला होता.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेचं केंद्र सरकारही २००५ पासून राज्यांना अशाच डेटा यंत्रणेसाठी अनुदान देत आलं आहे.

मग अडतं कुठं?

पैशातून सर्व्हर येतो, पोर्टल येतं, डॅशबोर्ड येतो. पण माहिती शेवटी गुरुजीच भरतात. कधी रेंज नसते, कधी पोर्टल चालत नाही. त्यातून एक चूक झाली तरी परिणाम मोठा होतो.

उदाहरण घ्या. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक आणि ६१ ते ९० मुलांना ३ शिक्षक. राज्याचे संचमान्यतेचे निकष वेळोवेळी बदलतात, पण आपल्याकडे ती आधार जुळलेल्या विद्यार्थ्यांवर होत आली आहे. आता शाळेत मुलं ६२ आहेत आणि दोघांचं आधार जुळलं नाही. मोजली गेली ६०. मुलं तेवढीच आहेत, पण तिसऱ्या शिक्षकाचं पद धोक्यात!

म्हणून मला वाटतं, खर्चाचा खरा हिशेब डॅशबोर्ड किती भारी आहे यावर करू नये. चूक लवकर सापडते का, ती दुरुस्त करायला शाळेला माणूस आणि वेळ मिळतो का, आणि डेटावरून घेतलेला निर्णय परत त्या शाळेपर्यंत पोचतो का, हे बघायला हवं.

तुम्ही मोबाइलवरून काय करू शकता?

१. यू-डायस प्लसच्या वेबसाइटवर 'नो युवर स्कूल'मध्ये कोड टाकून शाळेचं रिपोर्ट कार्ड बघा. शिक्षक, वर्गखोल्या, मुलींचं स्वच्छतागृह, सगळं दिसतं. कागदावर आहे ते प्रत्यक्षात आहे का, हे गावातल्या माणसाइतकं कुणाला कळणार?

२. घरातल्या मुलाचं आधार आणि शाळेतलं नाव, जन्मतारीख जुळवून बघा. फरक असेल तर जन्मदाखला घेऊन आधी मुख्याध्यापकांना भेटा. कुठली नोंद चुकीची आहे ते पाहूनच दुरुस्ती करा.

३. 'अपार' हा विद्यार्थ्याचा १२ अंकी आयडी. त्यासाठी पालकांची संमती लागते. फॉर्मवर सही करण्याआधी तो वाचा.

४. विद्यार्थ्यांची माहिती, आधारचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका.

भाचीचं काम शेवटी झालं, पण आधार केंद्राला तीन चकरा पडल्या. तुमच्या घरात शाळेत जाणारं कुणी असेल तर आजच दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.