काळवंडलेल्या तांब्याचा प्रश्न

दिवाळी जवळ आली, की आमच्या घरातली तांब्यापितळेची भांडी माळ्यावरून खाली उतरतात आणि चिंचेने न्हाऊन निघतात. गेल्या वर्षी या अभ्यंगस्नानाच्या रांगेत माझे एक नाणेही जाऊन बसले होते. "अहो, हे एवढंसंच काळं कशाला ठेवायचं? यालाही लावते चिंच!" असे म्हणत आमच्या सौ.नी ते चिमटीत धरले मात्र, मी हातातले वर्तमानपत्र टाकून धावलो. नाणे वाचले. पण "त्या काळ्या पैशात एवढं आहे तरी काय?" हा त्यांचा सवाल उरलाच. त्यांना दिलेले उत्तरच वाचकांपुढे ठेवतो.

खरे म्हणजे ते सरकारी नाणे नव्हेच. ते खाजगी टोकन. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात सुट्या पैशांचा दुष्काळ पडला होता. सरकारी टांकसाळ तांब्याची नाणी पुरेशी पाडीना आणि बाजारात खोट्या नाण्यांचा सुळसुळाट झालेला. मजुरांना पगार वाटायचा कशाने? १७८७ मध्ये अँगलसी बेटावरच्या एका तांब्याच्या खाणकंपनीने स्वतःच्या पेन्या पाडल्या. मग गावोगावचे व्यापारी आणि कारखानदार तोच मार्ग धरू लागले.

आता नाण्यावर राजाचा मुखवटाच हवा असे बंधन राहिले नाही, तेव्हा माणसे त्यावर आपले म्हणणे छापू लागली. लंडनमधला पुस्तकविक्रेता टॉमस स्पेन्स हा त्यातला मोठा वल्ली. जमीन साऱ्या गावाच्या मालकीची असावी, हे त्याचे मत. एडमंड बर्कने १७९० मध्ये सामान्य जनतेला डुकरांच्या कळपाची उपमा दिली होती. स्पेन्सने आपल्या टोकनावर राजचिन्हे तुडवणारे डुक्करच काढले! १७९४ मध्ये राजद्रोहाच्या संशयावरून खटल्यावाचून सात महिने तो तुरुंगात होता. उलट राजनिष्ठांनी टॉमस पेनला फासावर लटकवणारी टोकने काढली. ज्यांना मताचा अधिकार नव्हता, त्यांच्या खिशातही असा हा वाद खुळखुळत होता.

माझ्या टोकनावर मात्र डुक्कर नाही. त्यावर साखळदंडांनी जखडलेला, गुडघे टेकून हात जोडलेला एक आफ्रिकी माणूस आहे. भोवती अक्षरे आहेत, त्यांचा अर्थ असा : 'मी माणूस नव्हे काय? तुमचा बंधू नव्हे काय?' गुलामांचा व्यापार बंद पाडण्यासाठी १७८७ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या मंडळाची ही मुद्रा. प्रसिद्ध कुंभकार जोसाया वेजवुड याने ती चिनीमातीच्या पदकांवर उतरवली, आणि स्त्रिया ती पदके कंकणांत नि केसांच्या पिनांत मिरवू लागल्या. पुढे तेच चित्र तांब्याच्या हाफपेनी टोकनांवर आले. मागच्या बाजूला एकमेकांत गुंफलेले दोन हात आणि साऱ्या जगातून गुलामी व जुलूम नाहीसे होवोत, अशी प्रार्थना.

अशी टोकने ओळखावी कशी? आधी दोन्ही बाजू वाचाव्या, मग कडा वाचावी. कोणत्या गावी ते वटेल हे पुष्कळदा कडेवर कोरलेले असते; अर्थात सगळ्याच कडा खरे बोलतात असे नाही. मग डाल्टन आणि हॅमर यांच्या जाडजूड सूचीत परगण्यावार शोधून क्रमांक जुळवावा. त्या काळीही संग्राहकांना वेड लागले होते, म्हणून विक्रेते एका टोकनाची दर्शनी बाजू दुसऱ्याच्या पाठीला जोडून मुद्दाम नवे 'दुर्मिळ' नमुने पाडीत. कडेला सांध्याची रेघ दिसली, अक्षरे साबणाच्या वडीसारखी बोथट वाटली, तर ओतीव नक्कल समजावी. आणि चिंच, राख, लिंबू यांपासून टोकन शंभर हात दूर ठेवावे. तो काळा थर हीच त्याची दोनशे वर्षांची कमाई. तो गेला, की मोलही गेले.

संग्राहकाला कोरा नमुना प्रिय. माझे टोकन मात्र झिजलेले आहे. गुडघे टेकलेल्या त्या माणसाचा चेहरा जवळजवळ पुसला गेला आहे. मला त्याचे वाईट वाटत नाही. कोरी टोकने हौशी लोकांच्या खणांत पडून राहिली. हे हातोहात फिरले, आणि प्रत्येक हाताला त्याने तोच प्रश्न विचारला.

उत्तर मिळायला फार वेळ लागला. १८०७ मध्ये ब्रिटनने गुलामांचा व्यापार बंद केला. त्याच्या स्मरणार्थ सिएरा लिओनसाठी निघालेल्या टोकनावर दोन माणसे उभी राहून हस्तांदोलन करतात. आपण सारे भाऊ आहोत, असे शब्द त्यावर आहेत. ते काढणाऱ्या पेढीचा भागीदार झॅकरी मेकॉले, म्हणजे आपल्या परिचयाच्या मेकॉलेसाहेबांचे वडील! पण नाण्यावर उभा राहिलेला माणूस मळ्यात गुलामच होता. मुक्तीचा कायदा १८३३ चा. त्यात दोन कोटी पौंड भरपाई ठरली, तीही मालकांना. गुलामांना दमडी मिळाली नाही. त्या कर्जाचा शेवटचा अंश फिटला २०१५ मध्ये. शिवाय कंपनी सरकारचा हिंदुस्थान त्या कायद्यातून वगळला होता. इथे कायदा झाला १८४३ मध्ये.

आणि १८७३ मध्ये पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले. तोच प्रश्न आता मराठीतून विचारला जात होता, पण गुडघे टेकून नव्हे.

यंदाही भांडी माळ्यावरून उतरली आहेत. सौ.नी आपणहून ते टोकन कपाटात ठेवले आणि म्हणाल्या, "राहू दे काळंच. त्याला काय विचारायचंय ते विचारू दे."