दौंडला गाडी फिरते तशी

शिरूर तालुक्यात आमचं घर उसाला लागून आहे. रात्रीची लाइट आली की दारं धरायला जावं लागतं, आणि उसात बिबट्याचा वावर असतो. हातात बॅटरी, मोबाइलवर मोठ्यानं गाणी. कान मात्र पाचटाच्या सळसळीकडे. पहाटे घरी आलो तरी छातीतली धडधड थांबत नसे. झोप उडाली, आणि घरातल्यांवर विनाकारण आवाज चढू लागला. त्या दिवसांत मी आनापान करायला लागलो.

आनापान म्हणजे आत येणारा आणि बाहेर जाणारा श्वास. शब्द पाली भाषेतला. सत्यनारायण गोयंका ही साधना ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकले आणि 1969मध्ये भारतात आले. इगतपुरीच्या धम्मगिरीत विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर असतं, त्यातले पहिले तीन दिवस हेच करतात. राज्यातल्या शाळांमधून ‘मित्र उपक्रम’ म्हणून मुलांना शिकवलं जातं तेही हेच.

करायचं फार थोडं. घोंगडी दुमडून त्यावर बसायचं. मांडी घालता येत नसेल तर खुर्चीवर. पाठ ताठ, पण आखडलेली नको. डोळे मिटायचे आणि लक्ष नाकाच्या दाराशी ठेवायचं. श्वास मोजायचा नाही, लांबवायचा नाही, रोखायचा नाही. प्राणायामाहून हे वेगळं ते इथंच. श्वास डाव्या नाकपुडीतून येतोय, उजवीतून की दोन्हींतून, एवढंच पाहायचं. आत जाताना गार लागतो, बाहेर येताना कोमट. दहा मिनिटं पुरे.

पहिल्या दिवशी दुसऱ्याच श्वासाला मी कारखान्याच्या तोडीवर पोचलो. तिथून खताच्या उधारीवर, तिथून बांधावरच्या ठशांवर. भानावर आलो की स्वतःचाच राग यायचा, आणि त्या रागात उरलेला वेळ जायचा.

मग दौंड आठवलं. पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडला थांबते, पुढचं इंजिन सुटतं, मागच्या टोकाला जोडलं जातं आणि गाडी उलट्या तोंडानं निघते. आता कॉर्ड लाइनवरून काही गाड्या परस्पर जातात. पण लहानपणी मला वाटायचं, गाडी परत पुण्यालाच चालली. गाडी चुकलेली नसायची. तिथं फिरणं हाच तिचा रस्ता होता. मनाचंही तसंच धरलं. भरकटलं, हे कळलं की इंजिन फिरवायचं. पुन्हा पुढचा श्वास. दहा मिनिटांत तीस वेळा फिरवावं लागलं, तर तीस वेळा सराव झाला.

यानं बिबट्या जात नाही. उजेड हवाच, सोबत हवीच. आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जगणं नको वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जायला हवं. टेलीमानस या हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं. माझ्यात फरक पडला तो इतकाच, की शेतातली भीती आता शेतातच राहते.

मोटार बंद होते. चिखलाचे बूट दारात काढतो, पाय धुतो, ओट्यावर घोंगडी टाकतो. आत बायको चहा ठेवते, तोवर दहा मिनिटं असतात. गार श्वास येतो, कोमट जातो. चहाला हाक आली की ओ देतो, आणि आवाज चढलेला नसतो.