तेवीस तासांचे बूट

माझा मुलगा जन्मला तेव्हा नर्सने त्याला दुपट्यात घट्ट गुंडाळून माझ्या कुशीत दिले. त्याच्या वडिलांनी कानात अजान दिली. तासाभराने दूध पाजताना मी दुपटे सैल केले आणि त्याचा उजवा पाय दिसला. तळवा आतल्या बाजूला वळलेला, टाच वर ओढलेली. मी हाताने सरळ करून पाहिला. सोडला की पुन्हा तसाच. पोटात आखडून बसला असेल, दोन दिवसांत मोकळा होईल, अशी मी स्वतःची समजूत घातली. दुपटे पुन्हा गुंडाळले आणि कुणाला काही बोलले नाही.

ही जानेवारी २०१३ ची गोष्ट. आम्ही तेव्हा शारजात, रोला भागात एका खोलीच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. हे दुबईत एका कंपनीत अकाउंट्स पाहत. मी बी.एड. झालेली, पण लग्नानंतर तिकडे गेल्यामुळे घरीच चार-पाच मुलांना उर्दू शिकवत असे. आमचे गाव चिपळूण तालुक्यात. घरात तिसरे माणूस नाही. कोकणातल्या अर्ध्या घरांची हीच कहाणी आहे, त्यामुळे जास्त सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बालरोगतज्ज्ञांनी तपासले आणि शांतपणे म्हणाले, ‘क्लबफूट.’ मी हा शब्द प्रथमच ऐकत होते. पुढे कळले की हे काही दुर्मीळ नाही. साधारण हजार जन्मांमागे एका बाळाला असा पाय असतो, मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त, आणि जवळजवळ निम्म्या बाळांचे दोन्ही पाय असे असतात. बहुतेक वेळा नेमके कारण सापडत नाही. आई काय जेवली, कशी झोपली, जिना किती वेळा चढली, याचा त्याच्याशी संबंध नसतो. हे शेवटचे वाक्य मला डॉक्टरांनी दोनदा सांगितले. माझा चेहरा पाहून सांगितले असावे.

संध्याकाळी गावी फोन लावला. माझ्या सासूबाईंना आम्ही अम्मी म्हणतो. मुबारकबाद झाली, मिठाई वाटल्याचे सांगून झाले, आणि मग यांनी पायाचे सांगितले. पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही. मग अम्मींनी फोन मला द्यायला सांगितला. ‘पोरी, खरं सांग, ग्रहणात काही चिरलंस का?’

मला त्या वर्षी ग्रहण कधी होते हेसुद्धा ठाऊक नव्हते. त्या प्रश्नात राग नव्हता, काळजीच होती. पण बाळंतिणीच्या मनात तो काट्यासारखा राहतो. मी रात्रभर आठवत बसले, कधी सुरी हातात घेतली, कधी कात्री. शेवटी यांनीच मला आठवण करून दिली. प्रेषित (स.) यांचे चिमुकले पुत्र इब्राहीम वारले त्या दिवशी सूर्यग्रहण लागले होते. लोक दोन्हींचा संबंध जोडू लागले, तेव्हा आपण स्वतः दुःखात असताना त्यांनी लोकांना त्यापासून रोखले. हे आपण दरसाली मुलांना शिकवतो, आणि आपल्याच घरी पाळणा हलला की विसरतो. असो.

उपचारासाठी दुबईतल्या एका हाडांच्या डॉक्टरांचे नाव कळले. सुदानी गृहस्थ, कमी बोलणारे. त्यांनी पायाला सहा ठिकाणी हात लावून पाहिले आणि कार्डावर ५.५ असा आकडा लिहिला. हा पिराणी स्कोअर. युगांडात जन्मलेले आणि कॅनडात काम करणारे डॉ. शफीक पिराणी यांनी ही पद्धत बसवली. सहा खुणा, प्रत्येकीला शून्य, अर्धा किंवा एक. म्हणजे सहा आकडा सर्वांत वाईट आणि शून्य म्हणजे सरळ पाय. पेपर तपासणाऱ्या बाईला हे लगेच समजले, फक्त इथे मार्क कमी व्हायला हवे होते.

नवव्या दिवशी पहिले प्लास्टर चढले. बोटांपासून थेट जांघेपर्यंत, गुडघा दुमडलेला. एवढ्याशा पायाला एवढे मोठे प्लास्टर का, असे मी विचारले. गुडघ्याखालचे प्लास्टर बाळ लाथा मारून सरकवते, आणि पाय आत फिरायला मोकळा राहतो, हे त्याचे उत्तर. डॉक्टर आधी एक-दोन मिनिटे पाय हलकेच दाबून बाहेरच्या दिशेला नेत, बाळ बाटलीतले दूध पीत असे, आणि पाय त्या जागी धरूनच प्लास्टर गुंडाळले जाई. जोर अजिबात नाही. दर गुरुवारी जुने काढायचे, पाय आणखी थोडा वळवायचा, नवे घालायचे.

ही पद्धत इग्नासिओ पोन्सेती या डॉक्टरांची. ते स्पेनच्या मेनोर्का बेटावर १९१४ साली जन्मले. तिथल्या यादवी युद्धात जखमींवर उपचार केले, युद्ध हरल्यावर देश सोडावा लागला, आणि फ्रान्स, मेक्सिको असे करत १९४१ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात पोहोचले. त्या काळी अशा पायावर मोठ्या शस्त्रक्रिया होत, आणि मोठेपणी तेच पाय ताठ होऊन दुखत. बाळाची हाडे कोवळी आणि सांधे लवचीक असतात, ते हळूहळू वळवता येतात, हे पोन्सेती १९६३ पासून लिहीत होते. वैद्यकीय जगाने ते मनावर घ्यायला आणखी तीसेक वर्षे लावली. स्वतः देशोधडीला लागलेल्या माणसाने परदेशात बसून शोधलेली पद्धत आम्हाला परदेशात उपयोगी पडली, असे तेव्हा मनात येई.

सहा आठवडे, सहा प्लास्टर. शारजाहून दुबईला जायला गर्दीच्या वेळी दीड-दोन तास. प्लास्टर घरून काढून आणू नका, मोकळा पाय परत आत वळू लागतो, अशी डॉक्टरांची ताकीद होती. म्हणून मी ते ओल्या फडक्यात गुंडाळून गाडीत बसे आणि ते तिथे पोहोचेपर्यंत नरम होई. पूर्ण आंघोळ बंद, फक्त ओल्या कपड्याने पुसणे. रोज रात्री बोटे पाहायची: गुलाबी आहेत ना, गरम आहेत ना, आत तर गेली नाहीत ना. एकदा बोटे निळसर वाटली म्हणून रात्री दोन वाजता टॅक्सी करून गेलो. खोलीतला एसी जास्त होता, एवढेच कारण निघाले. नर्स फिलिपिनो होती. हसली नाही, उलट म्हणाली, बरे केलेत आलात.

सातव्या आठवड्यात टाचेमागच्या टेंडनला, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेला जोडणाऱ्या दोरीला, छोटासा छेद दिला. बहुतेक बाळांना तो द्यावाच लागतो. जागा बधिर करून काही मिनिटांत काम होते, टाका नाही. मग तीन आठवडे शेवटचे प्लास्टर. तेवढ्यात टेंडन वाढीव लांबीने जुळून येतो. ते प्लास्टर निघाले तेव्हा पाय सरळ होता. हे रडले. मी फोटो काढून गावी पाठवला. मला वाटले, संपले.

डॉक्टरांनी तेव्हा टेबलावर बूट ठेवले. दोन छोटे बूट आणि त्यांना जोडणारी, बाळाच्या खांद्यांएवढ्या रुंदीची एक पट्टी. उजवा बूट सत्तर अंशांत बाहेर, चांगल्या पायाचा चाळीस अंशांत. पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास. त्यानंतर रात्रीची आणि दुपारची झोप मिळून बारा ते चौदा तास, चार-पाच वर्षांचा होईपर्यंत. ‘माझं काम संपलं,’ डॉक्टर म्हणाले, ‘आता उपचार तुम्ही करायचे.’

कंपनीच्या विम्याने जन्मजात व्यंग म्हणून हात वर केलेच होते. बुटांचा खर्च घरभाड्याच्या निम्म्याहून जास्त, आणि पाय वाढला की नवे. पण पैशांपेक्षा त्या पहिल्या पाच रात्री कठीण होत्या. दोन पाय एकमेकांना बांधलेले, बाळाला समजत नाही की एक पाय हलवला तर दुसरा का ओढतो. तो ओरडे, पट्टी पाळण्याच्या दांड्यावर आपटे, शेजारचे भिंत ठोकत. गावी असते तर मूल सहा हातांमधून फिरले असते. इथे दोघेच, आणि यांना पहाटे सहाला निघायचे. समोरच्या मल्याळी बाईंनी एके दिवशी दार वाजवले. मला वाटले, तक्रार करायला आल्या. त्या म्हणाल्या, द्या इकडे, तुम्ही दोन तास झोपा. त्यांनीच शोधले की पाय दोन्ही हातांनी धरून पट्टी एकदम वर-खाली केली, म्हणजे दोन्ही गुडघे एकत्र दुमडले-उघडले, की बाळाला त्याचा खेळ वाटतो. सहाव्या दिवशी तो स्वतःच तसे करू लागला.

चौदाव्या महिन्यात तो चालला. बाहेरचे लोक पाहत तर त्यांना काहीच कळत नसे. आणि इथेच माझे चुकले.

जुलै २०१४ मध्ये आम्ही दोन महिन्यांसाठी गावी आलो. रमजान, वर कोकणचा पाऊस. अम्मींनी नातवाला प्रथमच पाहिले. रात्री मी बूट काढले तर त्या उठून बसल्या. ‘चालतं-फिरतं लेकरू, त्याला बेड्या का घालतेस?’ वीज जाई, उकाडा होई, मोजे वाळत नसत, टाचेवर लाल पुरळ उठली. एक रात्र सोडली. मग सहेरीला उठायचे आहे, रडायला लागला तर सगळे घर जागे होईल, म्हणून दुसरी सोडली. ईदला पाहुणे होते म्हणून तीन. ऑगस्टमध्ये बूट बॅगेतच राहिले. मी कुणाला विरोध केला नाही, कारण खरे सांगायचे तर मलाही हवे होते. दीड वर्षात प्रथमच माझे मूल माझ्या कुशीत इतर मुलांसारखे झोपत होते, मध्ये ती पट्टी नव्हती.

सप्टेंबरमध्ये शारजाला परतल्यावर तो चालताना उजवी टाच टेकवेना. डॉक्टरांनी पाय हातात घेतला, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, ‘किती आठवडे?’ मी म्हटले, सात. त्यांनी सुनावले नाही. सरळ पाय ही प्लास्टरची कमाई असते, पण त्या पायाची ओढ पहिली काही वर्षे आतच असते, आणि बूट सुटले की पाय परत फिरतो, एवढेच पुन्हा समजावले. तीन प्लास्टर पुन्हा. या वेळी चालणारे, बोलू लागलेले मूल. ‘अम्मी, काढ,’ म्हणायचे. घरी यांचे-माझे मोठे भांडण झाले. हे म्हणाले, आईने केले. मी म्हटले, मी केले. बॅग माझ्याजवळ होती. हेच खरे होते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी काही मुलांना टेंडनची जागा बदलायची शस्त्रक्रिया लागते. आमच्यावर ती वेळ आली नाही. अल्हमदुलिल्लाह.

पुढच्या वर्षी गावी येण्याआधी मी अम्मींना डॉक्टरांचे बोलणे फोनवर सगळे सांगितले. गेल्या वेळी मी ‘डॉक्टर म्हणतात म्हणून’ एवढेच सांगितले होते; का, ते सांगितलेच नव्हते. सुनेने सासूला समजावून सांगणे म्हणजे उलट बोलणे, अशी आपल्याकडे एक समजूत आहे, ती मीही पाळत आले होते. अम्मी ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मला बांधायला शिकव.’ त्या आधी टाच बुटात नीट खाली बसवत, मग मधला पट्टा, मग बाकीचे दोन, आणि पट्टीत बूट अडकल्याचा ‘खट्’ आवाज आला की बिस्मिल्लाह म्हणून कुशीवर थोपटत. मोजे चुलीजवळच्या दोरीवर त्या स्वतः वाळवत. त्या सुट्टीत एकही रात्र चुकली नाही.

जानेवारी २०१८ मध्ये बूट सुटले. त्यातले सुस्थितीतले जोड आम्ही क्लिनिकमधल्या एका पेशावरी जोडप्याला आणि एका नेपाळी सुरक्षारक्षकाला दिले. २०१९ ला आम्ही कायमचे परतलो.

आखातात असलेल्या बहिणींना माझे सांगणे आहे की बाळंतपणाआधीच विम्याचे कागद काढून जन्मजात आजारांचे कलम वाचा. गावी येताना पुढच्या मापाचे बूट आणि डॉक्टरांचे पत्र सोबत ठेवा. त्या लोखंडी पट्टीमुळे विमानतळावर दोनदा आमची अख्खी बॅग उघडली गेली. गावीच असाल तर खिशाचे कारण सांगून थांबू नका. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूट आहे. अनेक सरकारी रुग्णालयांत ठरावीक वारी क्लबफूटचे क्लिनिक चालते आणि प्लास्टर, बूट मोफत मिळतात. अंगणवाडी ताई किंवा आरोग्य केंद्रात विचारा, आणि पहिल्या पंधरवड्यातच विचारा. मूल मोठे झाले असले तरी दाखवा. माझ्या वर्गात एक मुलगी पायाच्या बाहेरच्या कडेवर चालत येते. तिच्या घरच्यांना मी दोनदा भेटले. तिसऱ्यांदा जाणार आहे.

माझा मुलगा आता शाळेच्या संघातून कबड्डी खेळतो. उजवी पोटरी थोडी बारीक आहे आणि उजवा पाय एक नंबर लहान, तसा तो राहणारच. दरवर्षी जूनमध्ये आम्हाला शाळेच्या बुटांचे दोन जोड घ्यावे लागतात, पाच आणि सहा नंबरचे. चिपळूणचा दुकानदार आता ओळखतो. उरलेला एक-एक बूट अम्मी टाकू देत नाहीत. उलट्या मापाचा कुणी सापडेल म्हणतात.