माळ्यावरचा ‘कॉन’ आणि साडेपाच तास मागचं घड्याळ

हाताशी विंडोजवाला संगणक असेल तर एक गंमत करून बघा. डेस्कटॉपवर नवा फोल्डर काढा आणि त्याला इंग्रजीत सी-ओ-एन, म्हणजे ‘कॉन’ असं नाव द्या. घेतच नाही! ‘ऑक्स’ द्या, ‘नल’ द्या, तेच.

व्हायरस नाही, भुताटकीही नाही. विंडोजच्या १९८१ सालच्या पूर्वजात, डॉसमध्ये, ‘कॉन’ म्हणजे कन्सोल, अर्थात कीबोर्ड आणि पडदा. त्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डर हा प्रकारच नव्हता, त्यामुळे ही नावं सगळीकडेच राखीव ठेवली गेली. १९८३ मध्ये फोल्डर आले, मग विंडोज आली, तिच्या डझनभर आवृत्त्या झाल्या. राखीव जागा आजही राखीवच! ‘सी’ ड्राइव्हचीही तीच कथा. ‘ए’ आणि ‘बी’ फ्लॉपीसाठी सोडलेली अक्षरं. फ्लॉपी भंगारात गेल्या, पण त्यांची पाटी कुणी उतरवली नाही.

विंडोजचा स्वभावच असा. काही टाकायचं नाही, सगळं माळ्यावर. म्हणून तर दुकानदाराचं वीस वर्षांपूर्वीचं बिलिंग सॉफ्टवेअर बऱ्याचदा आजही मुकाट चालतं. आणि म्हणूनच नोव्हेंबर २०१५ मध्ये पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावर विमानं खोळंबली. वैमानिकांना हवामान कळवणारी यंत्रणा बंद पडली होती आणि ती चालत होती १९९२ च्या विंडोज ३.१ वर.

मॅकच्या घरी माळा नाही

ॲपलचा खाक्या नेमका उलटा. १९८४ पासून मॅकने आपला प्रोसेसर तीनदा मुळापासून बदलला: १९९४ मध्ये पॉवरपीसी, २००६ मध्ये इंटेल, २०२० मध्ये स्वतःचा. प्रत्येक वेळी थोडे दिवस जुन्या सॉफ्टवेअरला पाहुण्यासारखं सांभाळायचं, मग नारळ! २०१९ मध्ये ‘कॅटलिना’ ही आवृत्ती आली आणि ३२ बिटवाली सगळी सॉफ्टवेअरं एका रात्रीत मुकी झाली. घर चकाचक राहतं हे खरं, फक्त तुमचं आवडतं जुनं कपाट त्यात राहिलेलं नसतं.

तरी विक्षिप्तपणा तिथेही आहे. जुन्या मॅकवर फ्लॉपी बाहेर काढायची तर तिचं चित्र ओढून कचऱ्याच्या डब्यात टाकायचं. नव्या माणसाचा जीव वरखाली होणारच. मॅकच्या कीबोर्डवरची चार वेटोळ्यांची कमांडची खूण ॲपलची नाहीच मुळी. चित्रकार सुझन केअर यांना ती चिन्हांच्या कोशात सापडली. स्वीडनमध्ये ती प्रेक्षणीय स्थळाच्या पाटीवर असते.

आणि विंडोज ९५ सुरू होताना वाजणारी ती सुप्रसिद्ध धून? संगीतकार ब्रायन ईनो यांनी ती मॅकवर बसून केली. हे त्यांनी स्वतःच सांगितलंय.

पस्तीस जीबी कुणी खाल्ले?

५०० जीबीची डिस्क विंडोजला लावा, ती ४६५ दाखवते. दुकानदाराशी भांडू नका. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १,०२४ च्या पटीत मोजते आणि नाव मात्र ‘जीबी’च लावते. मॅकने २००९ पासून कारखान्याचं माप धरलं, तिथे तीच डिस्क पूर्ण ५०० भरते. माल तेवढाच, तराजू वेगळा. माझं मत मॅकच्या बाजूने.

घड्याळाचं भांडण तर खास आपल्यासाठीच घडवल्यासारखं आहे. संगणकाच्या आतलं घड्याळ विंडोज स्थानिक वेळेवर लावते, लिनक्स साधारणपणे जागतिक प्रमाणवेळेवर. एकाच यंत्रावर दोन्ही नांदवली, की लिनक्समधून विंडोजमध्ये शिरल्यावर घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसू शकतं. लंडनकरांना हा घोळ हिवाळ्यात कळतसुद्धा नाही.

पेंग्विनचा विश्वास

२५ ऑगस्ट १९९१ ला हेलसिंकीतल्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने जाहीर केलं, की आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय, नुसता छंद म्हणून. तेच हे पेंग्विनच्या खुणेचं लिनक्स. नोव्हेंबर २०१७ पासून जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक झाडून सगळे लिनक्सवर चालतात. खिशातल्या अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे आणि २०२१ मध्ये मंगळावर उडालेल्या ‘इंजेन्युइटी’ हेलिकॉप्टरमध्येही होतं. इतकं असून घरातला प्रिंटर जोडायची वेळ आली की कधी कधी दुपार जाते.

एके काळी उबुंटू या लिनक्सच्या अवताराची सीडी मागवली की पोस्टाने घरी फुकट यायची. पोस्टमनने आणलेली ऑपरेटिंग सिस्टिम! त्या सीडीमुळेच मी ‘आरएम’ ही आज्ञा शिकलो. ती फाइल पुसते. कचऱ्याचा डबा नाही, ‘नक्की का?’ नाही. मालकाला कळतं, असा तिचा भाबडा विश्वास. दिवाळी अंकासाठी लिहिलेला माझा एक लेख त्या विश्वासाला बळी पडला. चूक माझीच.

आचारी की आचार्य?

आता घरचा मामला. विंडोज एक्सपीमध्ये भारतीय लिप्यांची सोय असायची, पण एका खिडकीत टिचकी मारून ती आधी चालू करावी लागे. नाही केली तर ‘किती’तली पहिली वेलांटी ‘क’च्या पुढे जाऊन बसायची. वर्षानुवर्षं विंडोजवर मराठी दाखवणारा ‘मंगल’ हा टंक रचला कोल्हापूरच्या र. कृ. जोशी यांनी. कवी आणि सुलेखनकार माणूस.

आणि तो आडवा र! ‘आचार्यांना’ वाढा आणि ‘आचाऱ्यांना’ वाढा यांत जेवणाची पंगतच बदलते. हिंदीला हा र लागत नाही. युनिकोडमध्ये तो साधायला सहसा नुक्तावाला ‘ऱ’ घ्यावा लागतो आणि फोनच्या कित्येक कीबोर्डांत तो ‘र’ दाबून धरल्याशिवाय हाती येत नाही. म्हणून लग्नपत्रिकेच्या मेसेजात ‘दुसर्या दिवशी’ छापलं जातं. इथे तिन्ही घराणी सारखीच दोषी.

शेवटी एक तारीख टिपून ठेवा. लिनक्स आणि मॅक हे युनिक्सचे वंशज १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजत आलेत. ३२ बिटांच्या जुन्या यंत्रांत ही मोजणी १९ जानेवारी २०३८ ला आपल्या सकाळच्या ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपते आणि पुढच्या सेकंदाला कॅलेंडर डिसेंबर १९०१ वर उडी मारतं. नव्या ६४ बिटवाल्या लिनक्सला आणि मॅकला धोका नाही. विंडोजच्या फायलींची मोजणी तर थेट १६०१ पासून सुरू होते, म्हणजे माळा केवढा ते बघा. घोर आहे तो भिंतीवर विसरलेल्या जुन्या राउटरचा आणि सीसीटीव्हीच्या डब्याचा. वार मंगळवार आहे, ऐन ऑफिसला निघायची वेळ.