वाकडे पडणारे पाऊल

सात-आठ वर्षांचे, चांगले धावणारे मूल. एके दिवशी चालताना त्याचे पाऊल आत वळू लागते. पण त्यालाच उलटे, मागे-मागे चालायला सांगितले, तर पाऊल कित्येकदा सरळ पडते! मग आपण शिक्षक मंडळी सहज म्हणून जातो, 'नाटक करतोय.' डॉक्टरही यातून सुटले नव्हते. १९०८ साली बर्लिनमध्ये श्वाल्बे यांनी अशा भावंडांची लक्षणे हिस्टेरियाची मानली. १९११ मध्ये ओपेनहाइम यांनी हा मज्जासंस्थेचा विकार आहे असे सांगून त्याला 'डिस्टोनिया' हे नाव दिले.

कोपर वाकवताना दंडाचा पुढचा स्नायू आखडतो, मागचा सैल पडतो. डिस्टोनियात दोन्ही एकदमच आखडतात. हात दोन्ही बाजूंनी ताठ आवळून फळ्यावर नाव लिहून पाहावे, म्हणजे कल्पना येईल. बुद्धी मात्र शाबूत असते. एका आनुवंशिक प्रकारात जनुकातील फक्त तीन अक्षरे गळलेली असतात, हे १९९७ मध्ये कळले. गंमत अशी की, हा दोष असलेल्या शंभरांपैकी सुमारे तिसांनाच विकार होतो.

प्रथम लेव्होडोपा हे औषध देऊन पाहतात. सकाळी बरे आणि संध्याकाळी वाईट असणारी काही मुले त्याच्या अल्प मात्रेनेही चालू लागतात. औषधे हरली, की मेंदूतील तारेचा विचार होतो. १९८७ मध्ये ग्रनोब्ल येथे बेनाबिद यांनी मेंदूत खोलवर जलद विद्युत्स्पंद देऊन कंप थांबवला होता. त्यानंतर माँपेलिए येथे कूब आणि सहकाऱ्यांनी आनुवंशिक डिस्टोनियाच्या मुलांमध्ये 'ग्लोबस पॅलिडस' या केंद्रात अशा तारा बसवल्या. त्यांनी २००० साली सात रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. लक्षणे सरासरी नव्वद टक्क्यांनी घटली होती.

तार जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची. ती कातडीखालून छातीतील किंवा पोटातील बॅटरीला जोडतात. स्पंद बहुधा सेकंदाला १३० च्या आसपास. कंप काही क्षणांत थांबतो. डिस्टोनिया ओसरायला मात्र आठवडे, महिने लागतात. जणू चुकीचे गिरवलेले वळण मेंदू सावकाश विसरत असावा.

हा सरसकट उपाय नव्हे. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झालेल्या मुलांत गुण बराच कमी येतो. जंतुसंसर्ग होऊ शकतो, वाढत्या अंगात तार ताणते, बॅटरी बदलावी लागते. असे मूल वर्गात असेल, तर प्रयोगाच्या तासाला मोठा लोहचुंबक त्याच्या छातीजवळ नेऊ नये, आणि खेळताना त्या जागी मार बसणार नाही हे पाहावे. चाचणीत लिहायला थोडा जास्त वेळ द्यावा.