विश्लेषण : सहलीची बस घाटात का फसते? बस ठरवताना काय तपासावे?

दिवाळी संपली की शाळा, महाविद्यालये, गृहसंकुले आणि ज्येष्ठ नागरिक संघांच्या सहली सुरू होतात. पहिल्या दिवशी शहरदर्शन, दुसऱ्या दिवशी गड किंवा थंड हवेचे ठिकाण आणि तिसऱ्या रात्री परतीचा प्रवास, असा बहुतेकांचा बेत असतो. तिन्ही दिवस गाडी तीच आणि बहुधा चालकही तोच. प्रत्यक्षात या तीन प्रवासांतील धोके पूर्णपणे वेगळे असतात. बस ठरवताना मात्र चर्चा होते ती दर, वातानुकूलन आणि मागे सरकणाऱ्या आसनांची. ब्रेक, टायर आणि चालकाची झोप यांबद्दल फारसे कोणी विचारत नाही.

शहरदर्शनाची बस आणि घाटातली बस यांत फरक काय?

मुख्य फरक वेगाचा आणि उताराचा. मुंबईत एमटीडीसी आणि ‘बेस्ट’ची उघड्या छताची ‘नीलांबरी’ दुमजली बस १९९७ पासून २०२३ पर्यंत पर्यटकांना दक्षिण मुंबई दाखवत होती. पुण्यात ‘पीएमपी’ची ‘पुणे दर्शन’ बस आहे. अशा बस सिग्नल आणि गर्दीतून सावकाश चालतात. धडकेची तीव्रता वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी २० किलोमीटरच्या तुलनेत ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या त्याच बसमध्ये चौपट नव्हे, तर सोळापट ऊर्जा असते. त्यामुळे शहरात ज्या चुकीने पत्रा चेपतो, तीच चूक महामार्गावर जिवावर बेतते. घाटात तर इंजिन बंद असले तरी उतार गाडीला खाली ओढत राहतो. शहरात व्यवस्थित चाललेली बस घाटासाठी तंदुरुस्त आहे, असे म्हणूनच समजता येत नाही.

घाटात ‘ब्रेक फेल’ होतात म्हणजे नेमके काय?

बहुतेक वेळा ब्रेक अचानक तुटत नाहीत, ते तापून निकामी होत जातात. प्रवाशांसह १५ टन वजनाची बस ५०० मीटर उंचीवरून खाली आणायची, तर सुमारे २० युनिट विजेइतकी ऊर्जा जिरवावी लागते. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी बस ३५ वेळा पूर्ण थांबवण्याइतके हे काम आहे. लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना उंचीतील फरक साधारण एवढाच पडतो. चालक केवळ ब्रेकवर पाय ठेवून उतरत असेल, तर ही सारी उष्णता चाकांच्या ड्रममध्ये साठते. ड्रम तापून प्रसरण पावतो, लायनरची पकड सुटू लागते आणि पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही.

मोठ्या बसचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. उतारावर पेडल पुन:पुन्हा दाबले की टाकीतील हवा भराभर खर्च होते. इंजिनची गती कमी असेल, तर कॉम्प्रेसर ती तितक्या वेगाने भरून काढू शकत नाही. दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की चालकासमोर इशारा देणारा दिवा लागतो किंवा बझर वाजतो. उतारावर हा बझर वाजत असताना गाडी पुढे दामटणे म्हणजे अपघाताला आमंत्रण.

मग अनुभवी चालक उतारावर काय करतात?

घाट ज्या गिअरमध्ये चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या चालकांचा नियम आजही लागू आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे धरून ठेवते. अनेक बसमध्ये त्यासाठी एक्झॉस्ट ब्रेक किंवा रिटार्डर अशी जादा सोयही असते. पायाचा ब्रेक त्यानंतर आणि थोडा थोडा वापरायचा असतो. याउलट डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल केली, तर इंजिनचा आधार पूर्णपणे सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. वेग एकदा वाढला की पुन्हा खालचा गिअर टाकणेही कठीण होते. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमही उतरणाऱ्याने पाळायचा आहे.

वळणावर बस उलटण्याचा धोका कधी वाढतो?

वळणावर गाडीला बाहेर ढकलणारा जोरही वेगाच्या वर्गाने वाढतो. जे वळण ताशी ४० किलोमीटर वेगाने घ्यायचे ते ६० ने घेतले, तर हा जोर सव्वादोन पट होतो. गाडी जितकी उंच आणि वजन जितके वर, तितकी ती लवकर कलते. वरच्या बर्थवरील प्रवासी किंवा टपावर लादलेले सामान यामुळे स्लीपर बसचा समतोल आणखी नाजूक होतो. गोटा झालेले टायर आणि पहिल्या पावसाचा निसरडा रस्ता ही त्यात भर. शहरात चाललेली दुमजली बस याच कारणाने घाटासाठी योग्य ठरत नाही.

रात्रीचा प्रवास अधिक धोक्याचा का?

अलीकडच्या काही मोठ्या अपघातांच्या वेळा पाहा. ८ ऑक्टोबर २०२२ रोजी नाशिकमध्ये यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी बस ट्रकवर आदळून पेटली. १५ एप्रिल २०२३ रोजी बोरघाटात खासगी बस दरीत कोसळली. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला जाणारी बस उलटून पेटली आणि त्यात २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. कारणे वेगवेगळी असली, तरी हे तिन्ही अपघात मध्यरात्र ते पहाटेच्या दरम्यान झाले. या वेळेत माणसाचे शरीर झोप मागत असते आणि प्रतिसाद मंदावतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने बस एका सेकंदात २२ मीटर जाते. म्हणजे चालकाला तीन सेकंद डुलकी लागली, तर गाडी ६० मीटरहून अधिक अंतर कोणाच्याही ताब्याशिवाय कापते.

चालकाच्या कामाला दिवसाला साधारण आठ तासांची कायदेशीर मर्यादा आहे. सहलीत ती सर्रास ओलांडली जाते. दिवसभर प्रवासी स्थळे पाहतात तेव्हा चालक वाहनतळावर उन्हात गाडीतच बसून असतो. कागदावर हा ‘थांबा’ असतो, त्याला विश्रांती म्हणता येत नाही. ‘हॉटेलचा एक मुक्काम वाचवू, रात्रीच निघू’ या निर्णयाची किंमत म्हणूनच चालकाच्या झोपेतून वसूल होते.

दोष फक्त चालकाचाच असतो का?

नाही. २ ऑगस्ट २०१६ रोजी रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन बस अन्य वाहनांसह वाहून गेल्या. अंधारात आणि पावसात पुढचा पूलच नाही, हे कोणत्याही चालकाला कळणे शक्य नव्हते. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची महाबळेश्वरला निघालेली बस आंबेनळी घाटात दरीत कोसळली आणि त्यातून एकच जण वाचला. पावसाळ्यात घाटरस्त्यांवर धुके, दरडी आणि खचलेल्या कडा असतात. कठडा तुटलेला असेल, तर चालकाची छोटीशी चूक सुधारायला जागाच उरत नाही. रस्ता चांगला असेल, तर चूक होऊनही जीव वाचतो आणि वाईट रस्त्यावर तीच चूक शेवटची ठरते.

राष्ट्रीय महामार्गावरील सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमा झालेले पाच अपघात, अथवा एकूण दहा मृत्यू झाले, तर त्या ठिकाणाला ‘ब्लॅक स्पॉट’ म्हटले जाते. या व्याख्येतच अडचण दडलेली आहे. माणसे दगावल्यानंतरच जागा धोकादायक ठरते. कमी वाहतुकीचा, पण तुटक्या कठड्यांचा घाट या यादीत येतोच असे नाही.

मोबाइलवरील नकाशा घाटात का फसवतो?

नकाशाचे ॲप सहसा सर्वांत कमी वेळाचा रस्ता सुचवते. तो मोटारीसाठी ठीक असला, तरी १२ मीटर लांबीच्या बसला त्यावरील वळण एका दमात घेता येईलच असे नाही. भोर-महाड मार्गावरील वरंध घाट पावसाळ्यात अनेकदा जड वाहनांसाठी बंद ठेवला जातो, इतरही घाटांत दरड कोसळल्यावर वाहतूक वळवली जाते. असे आदेश ॲपवर लगेच दिसतीलच असे नाही. म्हणून निघण्यापूर्वी जिल्हा प्रशासन आणि पोलिसांच्या सूचना पाहाव्यात, त्या मार्गावर एसटीची मोठी बस जाते का, याची जवळच्या आगारात चौकशी करावी. ज्या रस्त्यावर एसटी जात नाही, तिथे सहलीची बस नेण्याआधी दोनदा विचार केलेला बरा.

आग लागल्यावर प्रवासी बाहेर का पडू शकत नाहीत?

वातानुकूलित बसच्या काचा उघडत नाहीत. पडदे, फोम, रेक्झिन आणि प्लायवूड भराभर पेटतात आणि ज्वाळांआधी धूरच माणसाला बेशुद्ध करतो. स्लीपर बसमध्ये मधली वाट अरुंद असते आणि झोपेतून उठलेल्या माणसाला दिशा कळत नाही. समृद्धी महामार्गावरील अपघातात बस दरवाजाच्याच बाजूवर उलटली होती, जे वाचले ते काच फोडून बाहेर आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातील कर्नूलजवळही हैदराबादहून बंगळूरुला जाणारी बस पेटली, तेव्हा झोपेतील प्रवासी आत अडकले. आपत्कालीन दरवाजासमोर जादा आसन किंवा सामानाच्या बॅगा असतील, तर तो दरवाजा असून नसल्यासारखाच.

गाडीची कागदपत्रे प्रवाशाला तपासता येतात का?

होय. बस ठरवताना गाडीचा नोंदणी क्रमांक मागून घ्यावा. परिवहन मंत्रालयाच्या ‘एमपरिवहन’ ॲपवर तो टाकला की योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे बोलीभाषेत ‘पासिंग’, तसेच विमा आणि पीयूसीची मुदत दिसते. आठ वर्षांपर्यंतच्या व्यावसायिक वाहनाला हे प्रमाणपत्र दोन वर्षांसाठी, त्याहून जुन्या वाहनाला एक वर्षासाठी मिळते. आयत्या वेळी दुसरीच गाडी पाठवली गेली, तर तिचा क्रमांकही चढण्यापूर्वी तपासावा. मात्र पासिंग म्हणजे तपासणीच्या दिवशी गाडी ठीक होती, एवढाच अर्थ. त्यानंतरच्या महिन्यांत लायनर झिजले, टायर गोटा झाले, तर ते ॲपवर दिसणार नाही. त्यासाठी गाडीभोवती एक फेरी मारून टायर पाहावे लागतात.

शाळांपुढे एसटीचाही पर्याय आहे. शालेय सहलींना एसटी भाड्यात ५० टक्के सवलत देते. त्यासाठी आगारात आधी नोंदणी करावी लागते.

मग बसने जाऊच नये का?

असा निष्कर्ष चुकीचा ठरेल. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांत ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरील होते. बसमधील प्रवाशांचा वाटा त्या तुलनेत फारच थोडा आहे. ४० जणांनी दहा मोटारी किंवा वीस दुचाकी घेऊन घाटात जाण्यापेक्षा एक चांगली बस केव्हाही अधिक सुरक्षित. मात्र बसचा एकच अपघात एका कुटुंबाचे नव्हे, तर एका गावाचे, एका कार्यालयाचे किंवा एका वर्गाचे नुकसान करून जातो. म्हणून तपासणीची जबाबदारीही एकट्या सहलप्रमुखावर सोडून चालत नाही.

निघण्यापूर्वी आणि प्रवासात काय करावे?

लांबच्या प्रवासासाठी दोन चालक मागावेत आणि दुसरा खरोखर चालकच आहे की क्लीनर, हे विचारावे. घाट दिवसाउजेडी पार होईल असा कार्यक्रम आखावा. चालकाच्या जेवणाची आणि झोपण्याची सोय सहलीच्या खर्चातच धरावी. निघताना आपत्कालीन दरवाजा एकदा उघडून पाहावा, काच फोडण्याची हातोडी आणि अग्निशामक नळकांडे कुठे आहे, ते सर्वांना दाखवावे. टपावर आणि मधल्या वाटेत सामान ठेवू देऊ नये. आसनांना पट्टे असतील तर ते लावावेत.

घाट उतरताना जळका वास आला, बझर वाजत राहिला किंवा चालक गाडी न्यूट्रलमध्ये सोडत असेल, तर सहलप्रमुखाने शांतपणे, पण स्पष्ट शब्दांत गाडी थांबवायला सांगावी. सुरक्षित जागी थांबून चाकांखाली दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत आणि ब्रेक आपोआप थंड होऊ द्यावेत. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये, तडा जाऊ शकतो. या वेळेत गाणी, नाच आणि चालकाशी गप्पा बंद ठेवाव्यात. उशीर झाला म्हणून ‘जरा दामटा’ असे चालकाला कोणीही सांगू नये. अपघात झालाच, तर ११२ हा आपत्कालीन, १०८ हा रुग्णवाहिकेचा आणि १०३३ हा राष्ट्रीय महामार्गाचा मदत क्रमांक आहे. घाटात अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. म्हणून घाटात शिरण्यापूर्वी आणि बाहेर पडल्यावर घरच्या एका व्यक्तीला संदेश पाठवण्याची जबाबदारी एकावर सोपवावी.