मिरकरवाड्यासाठी कॅमेरा निवडताना

मिरकरवाडा बंदरात पायाशी जाळी, मध्ये ट्रॉलर, मागे रत्नदुर्ग. सगळंच स्पष्ट हवं, म्हणून टेक्निकल कॅमेऱ्याचं भिंग कलवण्याचा मोह होतो. ऑस्ट्रियाच्या थिओडोर शाइम्फ्लुग यांनी १९०४ साली पेटंटमध्ये मांडलेलं हे तत्त्व. भिंग कललं की स्पष्टतेचं प्रतल जमिनीलगत आडवं होतं; पण जवळच्या डोलकाठ्यांचे शेंडे त्यातून निसटतात.

म्हणून इथे भिंग वर सरकवण्याची सोय मला अधिक मोलाची वाटते. कॅमेरा पातळीत राहतो, डोलकाठ्या सरळ येतात. त्यासाठी भिंगाचं प्रतिमावर्तुळ मोठ्या डिजिटल बॅकच्या सेन्सरहून, म्हणजे साधारण ५३ × ४० मिलिमीटरहून, बरंच मोठं हवं. शटर मात्र भिंगातलंच घ्या! इलेक्ट्रॉनिक शटर चित्र ओळीओळीने वाचतं. तेवढ्यात डुलणाऱ्या होड्या फोटोत वाकड्या होतात.